सरकारवाडा ते जिल्हा न्यायालय : नाशिकमधील न्यायवास्तूंचा इतिहास

नाशिकच्या जुन्या आग्रा रस्त्यावर, मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात, जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा व सत्र न्यायालय एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. तालुक्याहून एस.टी.ने आलेला शेतकरी सातबाऱ्याच्या कामासाठी एका फाटकातून आत जातो आणि त्याच जमिनीच्या वादाची तारीख असेल तर दुसऱ्या फाटकातून. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी कलेक्टर कचेरी आणि कोर्ट ही जोडी अशीच जवळजवळ आढळते, आणि हा शेजार नगररचनेच्या सोयीतून आलेला नाही. राज्य चालवणारा आणि न्याय देणारा हे दोघे एकच असावेत की वेगळे, या प्रश्नाची वेगवेगळ्या काळी जी उत्तरे दिली गेली, ती या वास्तूंच्या जागेत, रचनेत आणि वापरात उमटली आहेत. पेशव्यांचा सरकारवाडा, ब्रिटिश अमदानीतील दगडी कचेरी आणि अलीकडे उभे राहिलेले बहुमजली न्यायालय अशा तीन टप्प्यांनी नाशिकच्या न्यायवास्तूंचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न कसा सुटत गेला हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

वाड्याची सदर आणि पंचायत

मोगल अमदानीत गुलशनाबाद या नावाने ओळखले जाणारे नाशिक अठराव्या शतकाच्या मध्यास मराठ्यांच्या ताब्यात आले आणि पेशव्यांच्या काळात त्याला तीर्थक्षेत्राबरोबरच सरकारी ठाण्याचेही महत्त्व प्राप्त झाले. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा ही त्या काळातील राजसत्तेची सर्वांत ठळक खूण होय. दगडी जोते, त्यावर चढणाऱ्या उंच पायऱ्या, आतला चौक आणि भोवतालचे सागवानी खांब ही मराठा वाड्याची ठरीव मांडणी येथेही आहे. गोदावरीला पूर आला की पाणी सरकारवाड्याच्या पायऱ्यांना लागले का, ही चौकशी आजही नाशिककर करतात. राज्य संरक्षित स्मारक असलेल्या या वाड्याचे नाव शहरातील एका पोलीस ठाण्यानेही टिकवून ठेवले आहे.

या वाड्यात किंवा त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही वाड्यात न्यायालय म्हणून राखलेली स्वतंत्र खोली शोधू गेल्यास ती सापडत नाही, कारण त्या न्यायपद्धतीला तिची गरज नव्हती. वाड्याच्या दर्शनी भागातील सदर, म्हणजे जेथे बसून धनी किंवा अंमलदार वसुलाचे हिशेब पाही, कागदांवर शिक्के करी आणि लोकांना भेटे ती बैठकीची जागा, हीच तक्रार ऐकण्याचीही जागा असे. पुण्यात रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखे नामांकित न्यायाधीश होऊन गेले, परंतु गावोगावच्या दिवाणी वादांचा निकाल प्रामुख्याने पंचायतीच लावीत. वतनाचा किंवा हद्दीचा तंटा आला की दोन्ही पक्षांकडून प्रथम राजीनामा घेतला जाई. राजीनामा म्हणजे पंचांचा निर्णय मान्य करू असा लेखी कबुलीचा कागद. त्यानंतर जामीन घेतले जात, प्रत्येक पक्ष आपली हकीकत सांगणारा करीना सादर करी, साक्षी होत आणि अखेरीस निवाडपत्र तयार होई. जिंकलेल्या पक्षाने सरकारात भरायच्या रकमेला हरकी आणि हरलेल्याने भरायच्या दंडाला गुन्हेगारी म्हणत. पुराव्याने निर्णय होईना तेव्हा शपथ किंवा दिव्य यांचा आधार घेतला जाई, आणि त्यासाठी देऊळ किंवा नदी हीच योग्य जागा मानली जाई.

या पद्धतीत न्याय ही गावाची, जातीची आणि सरकारची संयुक्त बाब होती. तो देवळाच्या आवारात होऊ शके, चावडीवर होऊ शके किंवा कमाविसदाराच्या, म्हणजे पेशव्यांच्या महसुली अंमलदाराच्या, सदरेवर होऊ शके. त्याचे बळ जागेत नसून जमलेल्या लोकांच्या साक्षीत होते, आणि म्हणूनच सभेतील मंडळींच्या सह्या, निशाण्या व शिक्के असलेल्या महजर नावाच्या कागदाला इतके मोल होते. मात्र अंमलदार आणि न्यायाधीश यांच्यात निश्चित अंतर नव्हते. अंमलदार चांगला असेल तर दाद मिळे, नसेल तर तिच्यासाठी त्याच्याही वरच्या अंमलदाराकडे जावे लागे.

कंपनी सरकार आणि मुन्सफ

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दख्खनचे कमिशनर म्हणून आलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जुनी न्यायपद्धती लगेच मोडली नाही. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या १८१९ च्या अहवालात त्यांनी पंचायतीचे गुण आणि दोष दोन्ही नोंदवले आणि दिवाणी वाद शक्यतो पंचायतीनेच मिटवावेत असे धोरण ठेवले. परंतु कंपनी सरकारचा कल हळूहळू लेखी कायदा, ठरलेली फी आणि नेमलेला न्यायाधीश यांच्याकडे झुकत गेला. १८२७ मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, मुंबई इलाख्यासाठी कायद्यांची एक संहिता तयार झाली. पुढील काळात मुन्सफ, सदर अमीन आणि प्रिन्सिपल सदर अमीन अशा चढत्या दर्जाच्या हुद्द्यांवर हिंदी न्यायाधिकारी नेमले जाऊ लागले आणि सामान्य माणसाचा कोर्टाशी संबंध प्रामुख्याने त्यांच्यामार्फत येऊ लागला.

पेशव्यांचे वाडे नव्या सरकारला आयतेच मिळाले होते, त्यामुळे कचेऱ्या, ठाणी, शाळा आणि ग्रंथालये अनेक ठिकाणी वाड्यांतच थाटली गेली. साताऱ्यात छत्रपतींच्या राजवाड्यात जिल्हा न्यायालय पुढे दीर्घकाळ भरत राहिले. पण वाडा आणि कोर्ट यांचे जमणे कठीण होते. वाड्याची रचना आतल्या चौकाकडे तोंड करून असते आणि आत कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार घरधन्याकडे असतो. उलट कोर्टात वादी, प्रतिवादी, साक्षीदार, वकील आणि नुसते ऐकायला आलेले लोक या सर्वांना कोणाची परवानगी न घेता येता यावे लागते. शिवाय लाकडी वाड्यांना आगीची भीती असे. पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबागवाडा यांना मे १८७९ मध्ये लावलेल्या आगीने ही भीती निराधार नसल्याचे दाखवून दिले. ज्या व्यवस्थेचा सगळा आधार लेखी कागद आहे, तिला कागद जळून जाणे परवडणारे नव्हते.

१८६९ : नवा जिल्हा, नवा कायदा

नाशिकच्या न्यायव्यवस्थेच्या दृष्टीने १८६९ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. तोवर अहमदनगर आणि खानदेश या जिल्ह्यांत विभागलेला प्रदेश एकत्र करून त्या वर्षी नाशिक हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला, आणि त्याच वर्षी मुंबई दिवाणी न्यायालय कायदा अस्तित्वात आला. या कायद्याने मुन्सफ आणि सदर अमीन ही जुनी नावे जाऊन जिल्हा न्यायाधीश, जॉइंट जज्ज, असिस्टंट जज्ज आणि त्यांच्या हाताखाली पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज अशी उतरंड निश्चित झाली. दुसऱ्या वर्गाच्या न्यायाधीशाला ५,००० रुपयांपर्यंतचे दावे चालवता येत, तर पहिल्या वर्गाच्या न्यायाधीशाला रकमेची मर्यादा नसे. आज दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि वरिष्ठ स्तर अशी जी पदे आहेत, त्यांचे मूळ या विभागणीत आहे. त्याआधीच, १८६२ मध्ये, भारतीय दंड संहिता लागू झाली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना झाल्यामुळे जिल्हा कोर्टाच्या वर अपिलाची निश्चित जागाही तयार झाली होती.

या काळात कोर्टांचे काम झपाट्याने वाढले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे सावकाराला भाग पडू लागले, त्यामुळे पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या वहीत पडून राहणारी येणी कोर्टात येऊ लागली, आणि प्रतिवादी हजर न राहिल्याने होणारे एकतर्फी हुकूमनामे व त्यांच्या बजावणीच्या दरखास्ती यांचे गठ्ठे साचू लागले. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी जे दंगे केले, त्यांत सावकारांचे रोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर त्यांचा भर होता, यावरून कोर्टाचा कागद ग्रामीण जीवनात किती खोलवर शिरला होता याची कल्पना येते.

याच दशकात महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातील दोन मोठी माणसे नाशिकच्या न्यायासनावर होती. ‘लोकहितवादी’ गोपाळ हरी देशमुख येथे जॉइंट जज्ज होते, आणि नाशिक जिल्ह्यातीलच निफाड येथे जन्मलेले महादेव गोविंद रानडे १८७८ मध्ये पहिल्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज म्हणून पुण्याहून नाशिकला बदलून आले. पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेच्या कामामुळे रानडे यांच्याकडे सरकार संशयाने पाहत होते आणि त्यांना पुण्यापासून दूर ठेवण्याचा हेतू या बदलीमागे होता, असे त्यांचे चरित्रकार मानतात. पुढच्याच वर्षी, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या आणि पुण्यातील आगींच्या गडबडीत, त्यांची बदली धुळ्याला झाली. न्यायाधीश कितीही विद्वान आणि निःस्पृह असला तरी त्याची बदली कारभाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर त्याचे स्वातंत्र्य अपुरे राहते, हे रानडे यांच्या उदाहरणावरून लक्षात येते. कोर्ट निराळे झाले होते. न्यायाधीशाची नेमणूक आणि बदली मात्र सरकारच्याच हातात होती.

दगडी कचेरीची घडण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांच्या ठिकाणी ज्या न्यायवास्तू उभ्या राहिल्या, त्या बहुतांशी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनी घडवल्या. हे खाते १८५० च्या दशकात स्थापन झाले. कलेक्टर कचेरी, कोर्ट, तिजोरी, तुरुंग आणि मुसाफिरी बंगला अशा ठरावीक गरजांसाठी त्यांच्याकडे ठरावीक आराखडे असत, आणि स्थानिक दगड, लाकूड व हवामान पाहून त्यांत फेरफार केले जात. मुंबईत त्याच सुमारास कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यानुसार उच्च न्यायालयाची भव्य गॉथिक इमारत उभी राहत होती. गॉथिक म्हणजे टोकदार कमानी, उंच मनोरे आणि तिरक्या छपरांची मध्ययुगीन युरोपीय शैली. १८७१ मध्ये सुरू झालेले ते बांधकाम १८७८ मध्ये पुरे झाले आणि त्यावर १६,४४,५२८ रुपये खर्च आला. मोफसलातील, म्हणजे राजधानीबाहेरील, कोर्टांच्या वाट्याला एवढा पैसा येत नसे, त्यामुळे तेथे त्या शैलीतील कमान, दगडी चौकट आणि तिरके छप्पर एवढेच घटक उतरले आणि बाकीची रचना उपयुक्ततेने ठरली.

अशा कचेऱ्यांसाठी जुन्या गावाची दाट वस्ती सोडून बाहेरची मोकळी जागा निवडली जाई. नाशिकचे जुने गाव नदीकाठच्या टेकड्यांवर आणि त्यांच्या उतारावर वसलेले आहे, तर कचेऱ्या गावाच्या पश्चिमेला मुंबई-आग्रा मार्गावर आल्या. रुंद रस्ता, टांगे आणि बैलगाड्या सोडण्यास मोकळे आवार, झाडांची सावली आणि पुरापासून दूर असलेली उंच जमीन हे त्या जागेचे फायदे होते. कोर्टाची तारीख असलेल्या माणसाला आता गल्लीबोळांतून वाड्यापर्यंत जावे लागत नसे. तो हमरस्त्यावरून सरळ आवारात येई.

बांधकामाचा मुख्य घटक म्हणजे या भागात सर्वत्र मिळणारा काळा पाषाण, ज्याला भूगर्भशास्त्रात बसाल्ट म्हणतात. लाव्हारसाच्या थरांपासून बनलेला हा दगड अतिशय कठीण, जड आणि बारीक कणांचा असतो. त्यावर नाजूक कोरीवकाम करणे अवघड, पण सपाट घडाई केल्यास तो शतकानुशतके टिकतो. नाशिकच्या पाथरवटांना या दगडाची सवय जुनी होती, कारण काळाराम मंदिर आणि गोदाघाटावरील बांधकामे याच दगडाची आहेत. इंग्रज अभियंत्यांना मिळाले ते हेच हात, त्यामुळे आराखडा परका आणि घडाई देशी असा मेळ या इमारतींत दिसतो. दर्शनी बाजूस घडीव दगड, म्हणजे छिन्नीने सरळ केलेले चिरे, आणि भिंतीच्या पोटात खांडकी व चुना अशी जाड भिंत बांधली जाई. चुना बैलाच्या घाणीत वाळूसह मळला जाई. सिमेंटप्रमाणे तो एकाएकी कडक होत नाही. हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू दगडासारखा होतो आणि भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो.

अशी जाड भिंत दुपारचे ऊन उशिरा आत पोहोचू देते, आणि तिच्याबाहेरचा कमानींचा व्हरांडा ते मुळात भिंतीवर पडूच देत नाही. व्हरांड्याचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे. पुकारा होईपर्यंत पक्षकार, साक्षीदार आणि वकील यांना थांबायला जागा लागते, आणि कोर्टाच्या कामातील बराच भाग, म्हणजे तडजोडीची बोलणी, साक्षीदाराची शेवटची उजळणी, वकीलपत्रावरची सही, हा न्यायकक्षात नव्हे तर व्हरांड्यातच होतो. वर सागवानी कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आणि त्यांवर कौलारू छप्पर असे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर तेथील सपाट, खाचेत बसणारी कौले इलाखाभर पसरली आणि देशी नळीच्या कौलांची जागा त्यांनी सरकारी इमारतींत घेतली. छप्पर उंच असल्याने गरम हवा वर चढे, तक्तपोशीजवळच्या झरोक्यांतून बाहेर पडे, आणि खाली, बाहेर बसलेल्या नोकराने दोरीने ओढलेला झालरीचा पंखा हले.

न्यायकक्ष आणि दप्तरखाना

न्यायकक्षाची मांडणी ही कायद्याच्या कार्यपद्धतीचाच नकाशा असते. न्यायाधीशाचे आसन चौथऱ्यावर असते आणि तेथे जाण्याचा दरवाजा मागील चेंबरमधून वेगळा काढलेला असतो, म्हणजे न्यायाधीश आणि पक्षकार एका वाटेने येत नाहीत. चौथऱ्याच्या खाली शिरस्तेदार आणि लघुलेखक बसतात. साक्षीदाराचा पिंजरा न्यायाधीशाच्या इतक्या जवळ असतो की साक्ष देणाऱ्याचा चेहरा आणि अडखळणे दोन्ही त्यांना टिपता यावीत, तर आरोपीचा पिंजरा मागील बाजूस भिंतीकडे असतो. मधल्या लांब टेबलाभोवती वकील आणि त्यांच्या मागे बाकांवर लोक. सत्र खटल्यांत पूर्वी असेसर, म्हणजे न्यायाधीशाला मत देण्यासाठी बोलावलेले स्थानिक नागरिक, बसत. त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. पंचायतीच्या काळातील गावाचा सहभाग नव्या व्यवस्थेत एवढाच उरला होता, आणि स्वातंत्र्यानंतर असेसरांची पद्धतही रद्द झाली.

न्यायकक्ष ही इमारतीची दर्शनी बाजू, तर दप्तरखाना हा तिचा पाया म्हटला पाहिजे. दावा दाखल झाल्यापासून त्यातील प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक पडतो, प्रत्येक तारखेला काय झाले ते रोजनाम्यात लिहिले जाते, आणि निकाल लागल्यावर सगळे कागद बांधून दप्तरखान्यात जातात. समन्स आणि जप्तीचे हुकूम बजावण्याची व कोर्टात जमा होणाऱ्या पैशांची जबाबदारी नाझराकडे असते आणि प्रत्यक्ष बजावणी बेलिफ करतात. जुन्या दप्तरखान्यांत कापडी रुमालांत बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले असत आणि त्यांत मोडी लिपीतील खते, वाटणीपत्रे व मृत्युपत्रे असत. आजही वतनाच्या किंवा वडिलोपार्जित जमिनीच्या वादात मोडी वाचणाऱ्या जाणकाराला बोलवावे लागते. म्हणूनच दप्तरखान्यासाठी जाड भिंती, कमी खिडक्या आणि आगीपासून संरक्षण यांची काळजी इमारत बांधतानाच घ्यावी लागे.

या इमारतीभोवती एक बाजार आपोआप जमतो. मुद्रांक विक्रेते, नोटरी, अर्ज लिहून देणारे, टंकलेखक, झेरॉक्सवाले आणि चहाच्या टपऱ्या यांच्यावाचून महाराष्ट्रातील कोणतेही कोर्ट चालत नाही. आराखड्यात त्यांच्यासाठी जागा नसली तरी निरक्षर पक्षकाराला कायद्याच्या भाषेपर्यंत पोहोचवण्याचे काम प्रथम त्यांनीच केले.

१९०९ : कलेक्टर आणि दंडाधिकारी

कलेक्टर कचेरी आणि कोर्ट यांच्यातील अंतर ब्रिटिश काळात प्रत्यक्षात किती थोडे होते, हे नाशिकच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या प्रकरणावरून कळते. जिल्ह्याचा कलेक्टर हाच जिल्हा दंडाधिकारीही असे. म्हणजे महसूल वसूल करणे, पोलिसांवर देखरेख ठेवणे आणि फौजदारी खटल्यांची प्राथमिक चौकशी करून आरोपीला सत्र न्यायालयाकडे पाठवणे हे तिन्ही अधिकार एकाच व्यक्तीकडे असत. १९०९ मध्ये गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांच्यावर प्रक्षोभक कविता प्रसिद्ध केल्याबद्दल खटला झाला. त्यांना सत्र न्यायालयाकडे पाठवणारे दंडाधिकारी म्हणजे नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हेच होते. जून १९०९ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि पुढे उच्च न्यायालयाने ती कायम केली.

जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार आणि विद्याव्यासंगी अधिकारी म्हणून ओळखले जात. परंतु क्रांतिकारकांच्या दृष्टीने ते या शिक्षेला जबाबदार असलेल्या सत्तेचे प्रतिनिधी होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी जॅक्सन नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आले असता क्रांतिकारक अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडून त्यांची हत्या केली. यानंतरचा खटला नाशिकच्या कोर्टात चालला नाही; १९०८ च्या विशेष कायद्याखाली तो मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढे ज्यूरीशिवाय चालवण्यात आला. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

या प्रकरणाकडे राष्ट्रीय चळवळीच्या दृष्टीने पुष्कळ पाहिले गेले आहे. न्यायव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता त्यातून कारभार आणि न्याय एका हाती असण्याचा धोका दिसतो. शांतता राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्यानेच आरोपीविरुद्धचा पुरावा पुरेसा आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर तो अधिकारी व्यक्तिशः कितीही सज्जन असला तरी आरोपीचा त्याच्यावर विश्वास बसणे कठीण असते. भारतीय राष्ट्रीय काँग्रेस १८८६ पासून कार्यकारी आणि न्यायिक अधिकार वेगळे करण्याची मागणी ठराव करून मांडत होती, ती याच कारणासाठी.

शेजार राहिला, सत्ता वेगळी झाली

स्वातंत्र्यानंतर ही मागणी राज्यघटनेत आली. अनुच्छेद ५० ने न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्याचे निर्देश राज्याला दिले. अनुच्छेद २३३ ते २३५ नुसार जिल्हा न्यायाधीशांच्या नेमणुका उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून होऊ लागल्या आणि दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण, बदल्यांसह, उच्च न्यायालयाकडे आले. रानडे यांच्या काळात जो अधिकार सरकारकडे होता, तो असा न्यायसंस्थेच्या आत आला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये या विभाजनासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी असे दोन निराळे वर्ग निश्चित केले. जमावबंदीचा हुकूम आजही कार्यकारी दंडाधिकारीच काढतो, पण गुन्ह्याचा खटला न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायाधीश यांच्यापुढेच चालतो.

त्याचबरोबर कोर्टाची भाषाही बदलू लागली. साक्ष मराठीत आणि निकालपत्र इंग्रजीत ही रीत दीर्घकाळ चालू होती, त्यामुळे आपल्या जमिनीचा निकाल काय लागला हे पक्षकाराला वकिलाच्या तोंडूनच कळे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरवली गेली. तिची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नसली, तरी निकाल पक्षकाराला स्वतः वाचता आला पाहिजे हे तत्त्व मान्य झाले.

वाढत्या कामाला मात्र जुनी इमारत अपुरी पडत गेली. मालेगाव आणि निफाड येथे अतिरिक्त सत्र न्यायालये सुरू झाली, तालुक्यांच्या ठिकाणी दिवाणी न्यायालये आली, तरी जिल्ह्याच्या ठिकाणची गर्दी कमी झाली नाही. मूळ कचेरीच्या आवारात वेळोवेळी जोडइमारती उभ्या राहिल्या, आणि व्हरांड्यांत कपाटे व बाके येऊन चालण्याची वाट अरुंद झाली. अखेर त्याच परिसरात नवी बहुमजली इमारत बांधण्यात आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. अशा नव्या न्यायालयांच्या रचनेत पूर्वी ज्यांचा विचारच होत नसे अशा गरजा आधी पाहाव्या लागतात : लिफ्ट आणि उतरण, महिला पक्षकारांसाठी व लहान मुलांसाठी जागा, आरोपींना आणण्याचा वेगळा मार्ग, दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची सोय, आणि ई-फायलिंगसाठी संगणकीय यंत्रणा.

जुन्या वास्तूचे काय

नवी इमारत आल्यावर जुन्या दगडी इमारतीचा प्रश्न महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दोन चुकीच्या मार्गांनी सोडवला जातो : एक तर ती अडगळीची जागा होते, किंवा दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर सिमेंट, टाइल्स आणि खोटे छत चढवले जाते. चुन्याच्या भिंतीचे दर्जे, म्हणजे दगडांमधील सांधे, सिमेंटने भरल्यास आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि ती दगडाच्या पाठीमागचा चुना कुजवते. कौले काढून पत्रा टाकल्यास उकाडा वाढतो आणि तो घालवण्यासाठी वातानुकूलन यंत्रांकरिता भिंती फोडल्या जातात. भिंतीच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप वेळीच मुळासकट काढणे, पन्हळी साफ ठेवणे, फुटलेले कौल त्याच पावसाळ्यात बदलणे आणि दर्जांना चुनाच वापरणे ही कामे खर्चिक नाहीत, पण ती दरवर्षी करावी लागतात. दगडी इमारती बहुधा वयाने पडत नाहीत. तुंबलेल्या पन्हळीने पडतात.

जुन्या न्यायवास्तूचा सर्वांत योग्य वापर न्यायाच्या कामासाठीच होऊ शकतो. लोकन्यायालय, मध्यस्थी केंद्र, विधी सेवा प्राधिकरणाची मोफत सल्ल्याची जागा, वकिलांचे ग्रंथालय किंवा जुन्या दप्तराचे अभिलेखागार यांपैकी कोणत्याही कामाला उंच छताचे दालन आणि रुंद व्हरांडा नव्या इमारतीपेक्षा अधिक मानवतो. विशेषतः दप्तराचा विचार तातडीने होणे आवश्यक आहे, कारण जुन्या दाव्यांच्या कागदांत जमीनधारणा, सावकारी, वारसा आणि जातिव्यवहार यांचा असा इतिहास असतो, जो दुसऱ्या कोणत्याही साधनातून मिळत नाही. मुदत संपलेले कागद नष्ट करण्याचे नियम आहेत आणि ते व्यवहाराच्या दृष्टीने आवश्यकही आहेत. परंतु नष्ट करण्यापूर्वी इतिहासाच्या अभ्यासकांकडून त्यांची छाननी करून घेण्याची पद्धत प्रत्येक जिल्ह्यात रूढ झाली पाहिजे.

शेवटी एक गोष्ट सामान्य नागरिकाच्या हिताची आहे. फौजदारी खटला ज्या जागी चालतो ती जागा खुले न्यायालय मानावी आणि तेथे सोयीने मावतील तेवढ्या लोकांना येऊ द्यावे, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्येही ते कायम आहे. दिवाणी कामकाजासाठीही असाच नियम आहे. ठरावीक नाजूक खटले सोडले, तर कोणाही नागरिकाला, त्याचा खटला असो वा नसो, न्यायकक्षाच्या मागच्या बाकावर शांतपणे बसून कामकाज ऐकता येते. नाशिककरांपैकी बहुतेकजण कोर्टाची पायरी केवळ नाइलाजाने चढतात. एखाद्या कामाच्या दिवशी, कोणतीही तारीख नसताना, ती चढून पाहण्यास हरकत नाही.